बोली कानात बसेपर्यंत: हालिंगदालच्या एका शुश्रूषागृहातलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नॉर्वेतल्या हालिंगदाल खोऱ्यातलं आहे. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे. गाव सांगितलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना नॉर्वेजियन शिकायला मी मदत करते, त्यातून आमची ओळख झाली. त्यांना मी ताई म्हणते, इथेही तेच म्हणेन.

ताईंचं माहेर धुळे जिल्ह्यातलं. घरात अहिराणी, बाहेर मराठी. लग्नानंतर नाशिकला प्राथमिक शाळेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. मग यजमानांना जलविद्युत क्षेत्रात नोकरी लागली आणि कुटुंब थेट हालिंगदालमध्ये आलं. ओस्लो ते बर्गन ही रेल्वे 1909 साली सुरू झाली, ती याच खोऱ्यातून वर चढत जाते. नेसब्येन, गोल, ओल, यायलो ही तिची इथली स्टेशनं. सहा नगरपालिका, मधून वाहणारी नदी, दोन्ही बाजूंना डोंगर आणि त्या डोंगरांवर उन्हाळ्यात गुरं नेऊन राहायची जुनी ठिकाणं, ज्यांना इथे स्टोल म्हणतात. अजूनही काही घरं उन्हाळ्यात वर जातात, दूध काढतात, चीज करतात. हे स्टोल पुढे येणार आहेत म्हणून आत्ताच सांगितलं.

ताई नेटाने भाषा शिकल्या. बोकमोल ही नॉर्वेजियनची जास्त वापरातली लेखी पद्धत, वर्गात तीच शिकवली. बी-1, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या. कागदावर पाहिलं तर काम मिळायला एवढं पुरेसं होतं आणि काम मिळालंही: वृद्धांच्या शुश्रूषागृहात सहाय्यक म्हणून. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं, औषध घेतलं का ते पाहणं, आणि पाळी संपताना पुढच्या पाळीला तोंडी माहिती देणं. या शेवटच्या कामाला तिथे 'रापोर्ट' म्हणतात.

अडचण

पहिल्याच रापोर्टला ताईंना चार वाक्यांतलं एक कळलं.

याचं कारण नॉर्वेबाहेरच्या माणसाला पटकन पटत नाही. या देशात लिहायच्या अधिकृत पद्धती दोन आहेत, बोकमोल आणि नीनोर्स्क, पण बोलायची अधिकृत पद्धत एकही नाही. संसदेतला सदस्य आपल्या खोऱ्याच्या बोलीत भाषण करतो, डॉक्टर बोलीत तपासतो, रेडिओवरची निवेदिका बोलीत बोलते. यामागे दीडशे वर्षांची खटपट आहे. ईवार ओसेन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा 1842 पासून गावोगाव हिंडून बोली गोळा करत होता. 1848 साली त्याने व्याकरण काढलं, 1850 साली शब्दकोश. त्या पायावर आजची नीनोर्स्क उभी आहे. 1878 साली संसदेने ठरवलं की शाळेतलं शिकवणं शक्यतो मुलांच्या स्वतःच्या बोलण्यातच व्हावं, आणि 1885 साली ओसेनच्या लेखी भाषेला बरोबरीचा दर्जा दिला. त्यामुळे 'जरा शुद्ध बोला हो' असं इथे कुणी कुणाला सहसा म्हणत नाही, आणि म्हटलं तर ते चांगलं दिसत नाही.

वर्गात मात्र हे कुणी नीट समजावलं नव्हतं. तिथे बाई सावकाश, पुस्तकाप्रमाणे बोलायच्या. 'मी'ला 'यै', 'आम्ही'ला 'वी', 'नाही'ला 'इक्के'. शुश्रूषागृहात 'मी'चं 'एग' झालं, 'आम्ही'चं 'मे' झालं, 'नाही'चं 'इक्ये'. इथपर्यंत माणूस निभावून नेतो. खरी अडचण म्हाताऱ्या माणसांची होती. हालिंगदालच्या जुन्या पिढीच्या तोंडी नामांना विभक्ती अजून शिल्लक आहे. 'टाच' आणि 'टाचेत' यांत जसा आपण शब्द वाकवतो, तशी ती जुनी मंडळी काही शब्दयोगी अव्ययांनंतर नाम वाकवतात. बोकमोलमध्ये हा प्रकारच उरलेला नाही, तेव्हा बोकमोल शिकलेला माणूस ओळखीचा शब्दसुद्धा ओळखू शकत नाही.

टाचेचं उदाहरण मुद्दाम घेतलं. त्या विभागात स्मृतिभ्रंश झालेले एक आजोबा होते, आयुष्यभर शेती आणि गुरं केलेले. ऐन कर्तेपणी ते बाहेरच्या माणसाशी बोलताना बोली थोडी सौम्य करत असतील, पण आजारात ती सवय गेली होती. उरली ती निखळ जुनी हालिंग बोली. एका संध्याकाळी ते एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत राहिले, आवाज चढत गेला, ताईंचा हात झटकला. ताईंनी पाणी दिलं, शौचाला नेलं, पांघरूण दिलं. काहीच लागू पडेना. रापोर्टमध्ये त्यांनी सांगितलं, 'अस्वस्थ होते.' दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्याच एका सहकारी बाईंनी मोजा काढला तर नव्या चपलेने टाचेला मोठा फोड आलेला. आजोबा रात्रभर तेच सांगत होते: टाचेत दुखतंय.

फोड आठवड्याभरात बरा झाला. ताईंच्या मनातून तो गेला नाही. 'अस्वस्थ' या शब्दाचं पुढे काय होऊ शकतं हे त्यांना ठाऊक होतं. असे दोन-तीन रापोर्ट आले की डॉक्टरांपर्यंत जातात आणि औषधाची मात्रा वाढते. माणूस नीट, पूर्ण वाक्यात, व्याकरणशुद्ध तक्रार करतो आहे आणि वहीत लक्षण म्हणून त्याची नोंद होते आहे, ही गोष्ट मलाही ऐकताना फार लागली.

समोर असलेले पर्याय

फोनवर आम्ही बराच वेळ बोललो. ताईंनी स्वतःच पर्याय मांडले होते, मी फक्त प्रश्न विचारत गेले.

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे पुढचा भाषावर्ग, बी-2. पण तिथेही बोकमोलच. परीक्षेसाठी तो कधीतरी करावा लागणारच होता, पण आजोबांच्या टाचेपर्यंत तो पोचत नव्हता.

दुसरा, सहकाऱ्यांना सांगायचं की माझ्याशी बोकमोलमध्ये बोला. हा पर्याय विभागप्रमुखांनीच आपणहून सुचवला होता, आपुलकीने. ताईंनी तो नाकारला. कारण त्यांच्याच शब्दांत सांगते: "वर्गात कुणी पोरगं 'शे' म्हणालं की मी 'आहे म्हण' म्हणायचे. माझी आजी मरेपर्यंत 'काय करी ऱ्हायनी' असंच विचारायची, आणि मी तिच्या नातीसारख्या पोरींना गप्प करत होते. आता इथे येऊन पुन्हा तेच करू?" भावनेचा भाग बाजूला ठेवला तरी निर्णय बरोबरच होता. सहकारी वळवून बोलले असते, पण आजोबा वळवू शकत नव्हते. आणि सहकाऱ्यांच्या तोंडून बोली ऐकण्याची जी रोजची संधी होती तीही गेली असती.

तिसरा, विभाग बदलून घ्यायचा, जिथे रुग्ण स्पष्ट बोलू शकतात. चौथा, यजमानांना ओस्लोकडे बदली मागायला सांगायची. या दोन्हींवर जास्त बोलणं झालं नाही.

पाचवा पर्याय एका तरुण सहकाऱ्याने सुचवला: आजोबा बोलतात ते फोनवर रेकॉर्ड करा, घरी जाऊन शांतपणे ऐका. इथे ताई दोन दिवस अडल्या, कारण उपयोगाच्या दृष्टीने हा सगळ्यांत सरळ मार्ग होता. पण नॉर्वेत आरोग्यसेवेतल्या प्रत्येकावर गोपनीयतेचं कायदेशीर बंधन असतं आणि संमती देण्याच्या अवस्थेत आजोबा नव्हते. त्यांचा आवाज ताईंच्या खासगी फोनमध्ये असणं कोणत्याही हेतूने योग्य नव्हतं. मी तेव्हा ठाम 'नको' म्हटलं आणि आजही तेच म्हणेन.

मग प्रश्न उरला: बोली पुनःपुन्हा, थांबवून, कुणाच्याही खासगीपणाचा भंग न करता ऐकायची कुठे?

बँड कुठून आला

उत्तर जेवणाच्या खोलीतल्या रेडिओत होतं. टाचेचा फोड ज्यांनी शोधला त्या सहकारी बाई हेलबिलीज या बँडच्या भक्त. ताईंनी त्यांना विचारलं, तुम्ही सगळे यांचं गाणं लागलं की तोंडातल्या तोंडात म्हणता, हे काय बोलतात? त्या म्हणाल्या, "आमच्यासारखंच बोलतात."

हेलबिलीज हा हालिंगदालमधला कंट्री-रॉक बँड, ओल परिसरातला. आस्लाग आणि लार्स होवार हे हाउगेन बंधू त्यातले. आस्लाग गातो, लार्स होवार गिटार वाजवतो. त्यांची पहिली तबकडी 1992 साली आली. संगीत अमेरिकन वळणाचं आहे, पण शब्द हालिंग बोलीतले. बरीच गीतं आर्ने मोसलोत्तेन यांनी लिहिली. नॉर्वेत कंट्री संगीत ही किरकोळ आवड नाही. सेल्योर आणि ब्रेइमसारख्या गावांत कंट्रीचे मोठे उन्हाळी महोत्सव भरतात. बोलीत गाणं हेही तिथे एकट्या हालिंगदालचं नाही. त्र्योनेलाग प्रांतात नामसोस गावाच्या आसपासच्या मंडळींनी 1970 च्या दशकातच बोलीतलं रॉक उभं केलं होतं. सुन्नमोर भागातला वासेन्गुताने हा बँड आपल्या बोलीत गातो, वाल्द्रेस खोऱ्यातला स्ताउत हा बँड त्याच्या बोलीत. पण मला विचाराल तर हेलबिलीजसारखं कुणी नाही. त्यांच्या गाण्यांतला माणूस दमलेला असतो, प्रेमात असतो, पावसात अडकलेला असतो, आणि जसा घरी बोलेल तसाच बोलतो. त्यांची मैफल ओस्लोत असली तरी ते बोली बदलत नाहीत, आणि ओस्लोची माणसं शब्द पाठ करून येतात. मी स्वतः त्यांची गाणी घरकाम करताना लावते. त्यामुळे ताईंनी हे नाव घेतलं तेव्हा माझा उत्साह जरा जास्तच होता.

उत्साह बाजूला ठेवून एक धोका मात्र मी आधीच सांगितला. नॉर्वेजियनमध्ये शब्दांना सूर असतात. दोन वेगळे शब्द केवळ सुराच्या चढउताराने वेगळे ओळखू येतात. गाण्यात सूर चालीचा असतो, शब्दाचा नाही. म्हणजे गाणं ऐकून शब्द कळतील, त्यांची रूपं कळतील, व्यंजनं कळतील, पण बोलण्याची लकब कळणार नाही. ती माणसाकडूनच घ्यावी लागेल.

काय केलं

ताईंची पद्धत त्यांनी स्वतः बसवली, आणि मला त्यातला एक भाग इतका पटला की आता मी तो इतरांनाही सांगते. त्यांनी गाण्याचे छापील शब्द आधी पाहिलेच नाहीत. एक कडवं ऐकायचं, थांबवायचं आणि कानाला जे आलं ते देवनागरीत लिहायचं. रोमन लिपीत लिहायला गेलं की बोकमोलचं स्पेलिंग मध्ये येतं आणि कान त्या स्पेलिंगला शरण जातो. देवनागरीत तशी कसलीच आठवण नव्हती. जे ऐकलं तेच कागदावर उतरत होतं.

त्यांची वही मी पाहिली आहे. शाळेतल्या बाईंचं अक्षर, दुरेघी वही. एका ओळीत 'इक्ये' लिहून खोडलंय, वर 'इक्यी', पुन्हा खोडून 'इक्ये'. पूर्व नॉर्वेच्या बोलींमध्ये एक जाड 'ल' असतो, जीभ मागे वळवून झटकन पुढे आणायची. परदेशी विद्यार्थ्यांना तो महिनोन्महिने येत नाही, कित्येकांना ऐकूसुद्धा येत नाही. ताईंनी पहिल्याच पानावर तिथे 'ळ' लिहिला होता. तो हुबेहूब 'ळ' नाही, 'ड'कडे झुकतो, पण मराठी कानाने तो 'ल'पासून वेगळा काढला होता. हे वर्गात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण वर्गात तो उच्चार कुणी करतच नव्हतं.

मग जेवणाच्या सुट्टीत त्या सहकारी बाईंना वही वाचून दाखवायची. देवनागरी त्यांना वाचता येत नाही, तेव्हा ताई मोठ्याने वाचणार आणि त्या दुरुस्त करणार. चूक सापडली की ती ओळ त्या गाण्यात न म्हणता बोलण्यात म्हणून दाखवायच्या, कधी एखादं नवं वाक्य बनवून. सुराचा जो धोका होता तो इथे भरून निघाला. ही व्यवस्था आधी ठरवून झालेली नाही. त्या बाईंना आवडतं गाणं चुकीचं म्हटलेलं सहन होत नव्हतं, एवढंच.

महिना-दोन महिन्यांत रापोर्ट बराच कळायला लागला. आठवड्याला एक गाणं, त्याहून जास्त नाही.

या टप्प्यावर एक उपप्रश्न निघाला: समजायला लागलं आहे, तर आता बोलायचंही बोलीतच का? ताईंना मोह होता. काही सहकारी प्रोत्साहनही देत होते. मी सुचवलं की कान बोलीचा ठेवा, तोंड सध्या बोकमोलचं राहू द्या. अर्धवट दोन्ही मिसळलं की ऐकणाऱ्याला शब्द ओळखायला वेळ लागतो, आणि औषधाच्या नावांत, वेळांत, मात्रेत तो वेळ परवडत नाही. ताईंनी मधला मार्ग काढला. रापोर्ट बोकमोलमध्ये द्यायचा. खोलीत, रुग्णाशी, जे दोन-चार हालिंग शब्द पक्के झाले आहेत ते वापरायचे. माझ्यापेक्षा त्यांचाच निर्णय चांगला ठरला.

आजोबांच्या खोलीत

इथे प्रकरणाला वळण लागतं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या रोजच्या देखभालीत संगीत वापरण्याची पद्धत नॉर्वेत चांगली रुजलेली आहे. विभागात तशी प्लेलिस्टची कल्पना होतीच. ताईंना वाटलं, आपल्याला ज्या गाण्यांनी बोली दिली ती आजोबांनाही आवडतील. सकाळी अंघोळीआधी त्यांनी फोनवर हेलबिलीज लावलं.

आजोबांनी फोन उपडा केला.

थोडं गणित केलं तर यात आश्चर्य नाही. बँड 1990 च्या दशकातला. तेव्हा आजोबा पन्नाशी ओलांडलेले, संसारात, गोठ्यात. माणसाच्या मनात खोल रुतलेली गाणी बहुतेक विशी-पंचविशीतली असतात. ताईंनी त्यांच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, वडील नाचायचे. अॅकॉर्डियनवरचे जुने जोडीचे नाच, आणि हार्डांगर फिडल, म्हणजे खाली अनुनादी तारा असलेलं इथलं व्हायोलिन. इलेक्ट्रिक गिटार त्यांच्या लेखी पोरांचा गोंगाट.

फिडलची ध्वनिमुद्रणं आणली. आजोबा शांत झाले, पण अंघोळीला नकार कायम. संगीत संपेपर्यंत डोळे मिटून बसायचे आणि मग पुन्हा हात झटकायचे.

जे जमलं ते योजून जमलं नाही. एका सकाळी ताई पाण्याचं तापमान पाहताना हेलबिलीजच्या एका प्रेमगीताची ओळ गुणगुणत होत्या, त्या आठवड्याचं गाणं म्हणून. आजोबांनी मान वर केली आणि एक शब्द सुधारला. गाण्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. या बाईने आपल्या खोऱ्यातला शब्द चुकीचा उच्चारला, हे त्यांना खटकलं. ताईंनी तो पुन्हा म्हटला. पुन्हा चूक. त्यांनी पुन्हा सांगितला, या वेळी सावकाश, ओठ दाखवून. हे चालू असताना ताईंनी एक बाही काढली होती.

त्यानंतर सकाळचा क्रम तोच झाला. ताई एखादा शब्द विचारायच्या: दुधाच्या भांड्याला काय म्हणता, स्टोलवर जायच्या वाटेला काय म्हणता, गुरांना हाक कशी मारता. आजोबा सांगायचे. कधी शब्द सांगायचे, कधी भलतंच, कधी तोच शब्द चार वेळा. हाक मारून दाखवली तेव्हा कॉरिडॉरमधून दोघी धावत आल्या. गुरांना बोलावायची ती हाक डोंगरभर पोचायला केलेली असते, बंद खोलीत ती फार मोठी वाटते.

मी या भागावर मुद्दाम थांबते, कारण याचा अर्थ चटकन चुकीचा लावला जातो. गाण्याने आजोबा बरे झाले नाहीत, शांतही झाले नाहीत. गाण्याने ताईंच्या तोंडात एक सुधारण्याजोगा शब्द दिला. माहीत असणारा माणूस म्हणून कुणीतरी आपल्याला विचारतंय, याने आजोबांचे हात खाली आले. शुश्रूषागृहात दिवसभर त्यांना सांगणारे होते: बसा, उठा, गिळा, हात वर करा. विचारणारं कुणी नव्हतं.

नोंद काय करायची

देखभालीच्या योजनेत हे लिहायचं ठरलं तेव्हा विभागप्रमुखांनी मसुदा केला: 'सकाळी हेलबिलीज लावावं.' ताईंनी हरकत घेतली. नव्या, हंगामी माणसाने हे वाक्य वाचून नुसती चार गाणी लावली असती, आणि फोन पुन्हा उपडा झाला असता. बैठकीत थोडी ओढाताण झाली. नव्या सहाय्यकाने, तेही परदेशी, योजनेचा मसुदा बदलायला सांगावा हे सगळ्यांना रुचलं नाही. पण मुलगी तिथे होती आणि तिने ताईंची बाजू घेतली. शेवटी असं लिहिलं गेलं की अंघोळीच्या वेळी शेती, गुरं आणि स्टोल यांतले शब्द त्यांना विचारावेत, ते दुरुस्त करतील तसं पुन्हा म्हणावं, घाई करू नये. आणि शेजारी: दुखणं ते शब्दांत सांगतात, न कळल्यास 'अस्वस्थ' न लिहिता बोली जाणणाऱ्या माणसाला बोलवावं.

या दुसऱ्या वाक्यासाठी ताई जास्त भांडल्या. त्यांनी आग्रह धरला की ते फक्त या एका आजोबांपुरतं राहू नये.

निष्पत्ती

आजोबांच्या सकाळच्या नकाराचं प्रमाण कमी झालं, संपलं नाही. गावातल्या सहाय्यकांना ही युक्ती तितकीशी जमली नाही, आणि कारण उघड होतं: त्यांना शब्द आधीच येत होते, त्यांचा प्रश्न खोटा वाटायचा. पोलंडहून आलेल्या एका सहकाऱ्याला मात्र ताईंसारखीच जमली. भाषा न येणं हीच इथे जमेची बाजू ठरली. विभागाला हे पचायला थोडा वेळ लागला.

न कळलेलं बोलणं 'अस्वस्थ' म्हणून न नोंदवण्याचा नियम आता संपूर्ण विभागाला लागू आहे. रात्रपाळीत बोली जाणणारं कुणी नसेल तर शेजारच्या विभागात फोन करायचा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक पान मिळतं: दुखणं, तहान, थंडी, लघवी, भीती यांचे हालिंग शब्द. त्यातले काही ताईंच्या वहीतून गेले आहेत, अर्थात रोमन लिपीत.

बी-2 च्या परीक्षेत ताई तोंडी पास झाल्या, लेखी राहिल्या. हेलबिलीज ऐकून बोकमोलचा निबंध सुधारत नाही, उलट चार ठिकाणी बोलीची रूपं घुसली होती. लेखीसाठी त्यांनी नंतर वेगळा अभ्यास केला आणि ती परीक्षाही काढली.

आजोबा पुढच्या हिवाळ्यात गेले. मुलीने अंत्यविधीला फिडलवादक बोलावला होता. ताई गेल्या होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट म्हणजे क्रम. ताईंनी आधी गाणी घेतली आणि म्हाताऱ्या माणसांची बोली नंतर. बँडमधली माणसं आणि आजोबा यांच्यात एका पिढीहून जास्त अंतर आहे. विभक्तीची जुनी रूपं गाण्यांत तितकी भेटत नाहीत. स्थानिक रेडिओवर जुन्या मंडळींच्या मुलाखती लागतात, ग्रंथालयात खोऱ्यातल्या कथनांची ध्वनिमुद्रणं मिळू शकतात. ती गाण्यांबरोबरच सुरू केली असती तर 'टाचेत' हे रूप लवकर ओळखीचं झालं असतं. सुरुवात मात्र मी तरीही गाण्यानेच करायला सांगेन. दमून घरी आल्यावर मुलाखत कुणी चार वेळा ऐकत नाही. आवडतं गाणं माणूस ऐकतो.

दुसरी, मुलीला फार उशिरा विचारलं गेलं. आजोबांची नाचाची, फिडलची माहिती घरच्यांकडे पहिल्या दिवसापासून होती. दाखल करताना भरायच्या कागदात आवडीनिवडीची जागा असते. तिथे 'संगीत आवडतं' एवढंच लिहिलेलं होतं. कुठलं, कधीचं, नाचायचं की ऐकायचं, हे कुणी विचारलं नव्हतं.

तिसरी, शिकवणाऱ्या त्या सहकारी बाईंचा वेळ. त्यांनी जेवणाच्या सुट्टीतून दिला, बिनबोभाट. त्यांची बदली झाली असती तर सगळंच थांबलं असतं. विभागाने याची दखल घेऊन कामाच्या वेळेतली अर्धा तास जागा द्यायला हवी होती. ताईंनी मागितली नाही, कारण मागावी असं त्यांना वाटलं नाही. हल्ली मी ज्यांना मदत करते त्यांना नोकरीच्या मुलाखतीतच विचारायला सांगते: तुमच्याकडे बोली कोण शिकवेल आणि कोणत्या वेळात?

आणि भाषावर्गांबद्दल. खोऱ्यात नोकरी करणाऱ्या माणसाला बोकमोल शिकवणं चूक नाही, अर्ज आणि परीक्षा त्यातच आहेत. पण पहिल्या महिन्यातच एक तास तरी खिडकीबाहेरच्या बोलीला दिला पाहिजे. ताई आता गावातल्या ग्रंथालयातल्या भाषाकट्ट्यावर महिन्यातून एकदा तसा तास घेतात. एक कडवं, प्रत्येकाची आपापली लिपी. मागच्या वेळी टेबलावर देवनागरी, अरबी, युक्रेनियनची सिरिलिक आणि तिग्रिन्याची गीझ अशा चार लिप्यांत एकच ओळ लिहिलेली होती, आणि कुणाच्या कागदावर जाड 'ल' कसा उतरला यावर ग्रंथालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत वाद चालला.